तिसऱ्या ओळीच्या टोकाला

मी चर्चच्या माळ्यावरचा जुना पाइप ऑर्गन बोलतोय. मला सहाशे बारा नळ्या आहेत. सर्वांत लांब नळी दोन पुरुष उंच, सर्वांत लहान पेन्सिलीएवढी. एका सुताराने आणि त्याच्या भावाने दोन वर्षं खपून मला इथेच जोडलं. भात्यातला वारा पहिल्यांदा आत शिरला आणि मी गायलो, तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. "हे आपण केलं?" सुताराने भावाला विचारलं. मलाही खरं वाटत नव्हतं.

तसा मी थोडा गर्विष्ठ आहे. पण माणसांपुढे माझा गर्व टिकत नाही. एका सुरासाठी मला भाता, झडपा, काड्या असा केवढा खटाटोप लागतो, आणि ही मंडळी नुसतं तोंड उघडतात.

पन्नास वर्षांपूर्वी माझी एक पट्टी मुकी झाली. पट्टीपासून झडपेपर्यंत जाणारी लाकडी काडी आत कुठेतरी तुटली होती. तेव्हाचे वाजवणारे मास्तर इतर गाण्यांत तो सूर चुकवून वेळ मारून नेत. पण रविवारच्या शेवटच्या गाण्यात, तिसऱ्या ओळीच्या टोकाला, त्याला पर्याय नव्हता. तिथे मास्तर बोट उचलून थांबायचे आणि लोकही शेवटचा शब्द गिळून श्वास घ्यायचे. हळूहळू तीच चाल झाली. पोरंबाळं तशीच शिकली. मला मात्र दर रविवारी तिथे मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मास्तरांनंतर त्यांची लेक वाजवू लागली. तीही आता पासष्टीची. मध्यंतरी फादर तिला म्हणाले, "बाई, येत्या रविवारी हा धड वाजला तर ठीक. नाहीतर सोडवून काढू आणि कीबोर्ड आणू." बाई माझ्या लाकडावर हात ठेवून बसून राहिल्या. माझ्या सगळ्या नळ्या गार पडल्या.

बाईंनी कोपऱ्यावरच्या घड्याळजींना आणलं. "अहो, मी मनगटावरची दुरुस्त करतो," ते म्हणाले, "हे तर दोन खोल्यांचं बिऱ्हाड आहे." तरी बॅटरी घेऊन माझ्या पोटात शिरले. दुपारी धुळीने माखून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बुटाची कुजकी नाडी होती. "तुटलेली काडी कुणीतरी हिने बांधून पाहिली होती."

बाईंनी नाडी हातात घेतली. "बाबा एका रविवारी बुटाला सुतळी बांधून घरी आले होते. आई केवढी हसली होती." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले.

घड्याळजींनी नवी काडी बसवली. रविवार उजाडला, शेवटचं गाणं आलं. तिसऱ्या ओळीच्या टोकाला सगळे सवयीने थांबले, आणि माझा तो सूर वाजला. एकटाच. भरल्या चर्चमध्ये दुसरा आवाज नव्हता. माना वर झाल्या. बाईंचं बोट पट्टीवरून निघेना.

दुसऱ्या कडव्यात तरी लोक तो शब्द म्हणतील, असं मला वाटलं. ती जागा आली. कुणीच गायलं नाही. सगळे वर बघत, माझी वाट पाहत थांबले होते.

फादरनी कीबोर्डचं नाव पुन्हा काढलं नाही. पुस्तकात तिथे शब्द छापलेला आहे, आमच्याकडे तो अजून कुणी म्हणत नाही. तुम्ही कधी आलात तर मोकळ्या गळ्याने गा. फक्त तिसऱ्या ओळीच्या टोकाला एक श्वास थांबा. तेवढं मला गाऊ द्या.