कानाच्या खोलीतला कॉम्प्युटर

"मावशी, खरं सांगा. याला हात कोणी लावला?"

"हात कशाला, फडकं लावलं," सफाईवाल्या मावशी म्हणाल्या. "आणि जाता जाता बटण दाबलं. तीन वर्षं टक्क जागं आहे बिचारं. म्हटलं, जरा निजू दे."

ताईंनी कपाळाला हात लावला. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या त्या चिंचोळ्या खोलीत त्या एकोणतीस वर्षं लोकांचे कान तपासत होत्या. कॉम्प्युटरवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'बंद करू नये.' मावशींना वाचता येत होतं. त्यांनी चिठ्ठी सोडवून, खालची धूळ पुसून ती पुन्हा सरळ चिकटवलीही होती.

भानगड अशी होती. तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवाला आला, स्वतःचा पासवर्ड टाकून आत शिरला, श्रवणयंत्राचा प्रोग्रॅम त्यानं बसवला आणि बाहेर पडायचं विसरून घरी गेला. तेव्हापासून ताईंचं सगळं काम त्याच्या नावावर बिनबोभाट चाललं होतं. एकदा कॉम्प्युटर बंद झाला तर पुन्हा दारात अडवणार, हे ताईंनी बरोबर ओळखलं होतं. वीज गेली की त्या बॅटरीच्या डब्यापाशी श्वास रोखून उभ्या राहत. आणि आज, नेमकं आजच, पडद्यावर पाटी आली होती: हा प्रोग्रॅम चालवायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल.

आजच म्हणजे काय, ते समोरच बसलं होतं. टेलरकाका आणि काकू. काकांना दोन वर्षांपासून जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि तीन महिने त्यांना तोंडातून अक्षर काढायची मनाई होती. त्यांच्या मांडीवर पाटी होती आणि पदराला खडू लागलेला होता.

"तीन महिने घरात भांडण नाही!" काका खोली दणाणून सोडत म्हणाले. "पाटीवर लिहीपर्यंत हिचा राग जातो."

काकूंनी लिहिलं: 'जात नाही. पाटी पुरत नाही.'

चार वाजता वरच्या मजल्यावरचे डॉक्टर काकूंना बोलू देणार होते. पहिला आवाज परत येणार नाही, बारीक येईल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. काकांचं नवं यंत्र कालच आलं होतं, पण प्रोग्रॅमवर जुळवल्याशिवाय ते कानात घातलेला बोळाच. काकूंचा पहिला शब्द आपल्या कानानं ऐकायचा, म्हणून काका सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. घड्याळात अडीच वाजले होते.

ताईंनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"पासवर्ड सांग रे बाबा."

"फोनवर नाही सांगता येत, ताई. नियम आहे."

"मग तिकडे बसल्या बसल्या काय ते कर."

"करतो की. तुमच्याकडे एक चौकट येईल, तिला हो म्हणा."

चौकट आली. ताईंनी हो म्हटलं. चौकटीनं ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला.

"अरे, ही तुझाच पासवर्ड मागतेय."

"म्हणजे मला आत घ्यायला मीच तिथे पाहिजे," तो विचार करत म्हणाला. "अर्ज भरून ठेवा, सोमवारी येतो."

ताईंचा आवाज एकदम खाली आला. त्या चिडल्या की तो खालीच यायचा. "सोमवारी ये, नाहीतर पुढच्या वर्षी ये. पण इथे एक बाई चार वाजता तीन महिन्यांनी बोलणार आहे, आणि ज्याच्याशी बोलणार तो माणूस पडद्यावरच्या तुझ्या पाटीकडे बघत बसलाय. त्याला मी काय सांगू? अर्ज भरा?"

"किती वाजता म्हणालात?"

"चार."

तीन पंचविसाला तो डोक्यावरचं हेल्मेट न काढताच आत आला. "सगळ्यांनी माना वळवा," त्यानं हुकूम सोडला. ताई भिंतीकडे वळल्या, दारातल्या मावशीही वळल्या. काकांना ऐकूच आलं नव्हतं, ते कौतुकानं त्याच्या बोटांकडे बघत राहिले. शेवटी काकूंनी त्यांची हनुवटी धरून तोंड फिरवलं.

प्रोग्रॅम उघडला. ताई म्हणाल्या, "आता एवढ्या एका प्रोग्रॅमपुरती मला कायमची मुभा दे."

"तुमचं पद सहायक. सहायकाला देता येत नाही, अर्जात तसा रकानाच नाही."

"एकोणतीस वर्षं मी माणसांच्या कानात शिरतेय, ते चालतं. आणि या डब्यात शिरायला रकाना?"

त्यानं हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं, काकांकडे पाहिलं. मग पुन्हा खुर्चीत बसून त्यानं चार-सहा ठिकाणी टिचक्या मारल्या. "आता अडवणार नाही," तो म्हणाला. "रकाना मी पेनानं आखून घेईन." ताईंना इतकं बरं वाटलं, की आभार मानायचे राहूनच गेले.

काकू वर गेल्या. ताईंनी काकांच्या कानात यंत्र बसवलं, त्याची वायर जोडली आणि बारीक आवाज तेवढे एकेक करून वर उचलले. मावशींनी दारात किल्ल्या वाजवल्या तेव्हा काका दचकून वळले, आणि मावशी तोंडाला पदर लावून हसल्या.

सव्वाचारला काकू दारात आल्या. पाटी हातातच होती; वर डॉक्टरांनाही उत्तरं तिच्यावरच लिहून दिली होती. एवढ्या दिवसांनी काय बोलावं, हे त्यांना सुचत नसावं.

"दुपारची गोळी घेतलीत का?"

आवाज अगदी चिरका होता, काठाला फाटलेला. जुन्या आवाजाचं त्यात काहीच उरलं नव्हतं. ताईंच्या समोर पडद्यावरची रेघ उडाली. काकांचा हात खिशातल्या गोळीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"काय?" काका म्हणाले.

काकूंचा चेहरा उतरला. ताईंचा हात आवाज वाढवायला माऊसवर गेला.

"दुपारची गोळी," काकू जवळ येत सावकाश म्हणाल्या, "घेतलीत का?"

काकांचे डोळे भरले होते. हात अजून खिशावरच होता.

"काय?"

ताईंनी माऊसवरचा हात हळूच काढून घेतला.