क्रेनवरचा मुलगा

ही गोष्ट कुणालाच पटणार नाही; पटली, तर ऐकणाऱ्याने आधी आपले कान तपासून घ्यावेत. रुग्णनोंदणीतले फोनवाले काका सुरुवात नेहमी अशीच करत. सिकल सेलच्या रुग्णांपैकी तपासणी कुणी चुकवली ते संगणकावर बघायचं आणि त्याला फोन लावायचा, एवढंच त्यांचं काम. पण थापा अशा की विचारू नका. "तुमच्या नेहमीच्या खुर्चीला कोंब फुटलाय, पाणी कोण घालणार?" असं ऐकून एक चिडका ड्रायव्हर बायकोपोरांसकट हजर झाला होता.

आज त्यांच्यासमोर खाटेवर वकिलीणबाई होत्या. म्हणजे सलाईन लावलेली, कॉलेजात जाणारी मुलगी. वाद घालते म्हणून काकांनीच हे नाव ठेवलेलं. विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी शिरांत अडकल्या, की तिचे पाय आतून कुणीतरी पिळल्यासारखे दुखत.

"काका, मी कॅप्सूल बंद केल्यात," ती म्हणाली. "रोज गिळायच्या आणि वर हेही सोसायचं. कशाला?"

काकांनी स्टूल पुढे ओढलं. दाराजवळच्या बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. असेल कुणाची तरी नातेवाईक, असं समजून त्यांनी थाप सुरू केली.

"तुझ्यासारखाच एक पठ्ठ्या आहे. एक दिवस कॅप्सूल चुकवली नाही. आता बंदरावर क्रेन चालवतो. क्रेन एवढी उंच, की डबा वर पोचेपर्यंत आंबतो."

"फेकू नका."

"फेकत असेन तर जीभ झडो. परवा ढग आडवा आला, तर याने आकड्याने उचलून बाजूला ठेवला. नेमका साहेबाच्या डोक्यावर. साहेब अजून शिंकतोय."

ती हसली, मग कळ आली तसे तिने पाय आखडून घेतले. काकांनी तिच्याकडे न बघता क्रेन आणखी उंच केली. संगणकात त्या मुलाच्या नावापुढे काकांनीच 'संपर्क नाही' असं लिहिलं होतं. डॉक्टरबाई दर महिन्याला विचारत, "याचं पुढे काय झालं? कळल्याशिवाय आपण सुधारणार काय?" काका म्हणत, "लागेल फोन."

"आणि त्याची आई?" वकिलिणीने विचारलं.

"रोज खाली उभी राहून हात हलवते. वरून मुंगीएवढी दिसते, पण हा बरोबर ओळखतो."

"खोटं आहे," बाकावरची बाई म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. काकांनी तो फोनवर एकदाच ऐकला होता, तरी लगेच ओळखला.

"क्रेन चालवीन असं माझा मुलगा इथे सगळ्यांना सांगायचा. पण त्याला जिना चढताना धाप लागायची. कॅप्सूल त्यानेही बंदच केल्या होत्या, पोरी, आम्हाला न सांगता. छातीत कळ आली तेव्हा जवळच्या दवाखान्यात नेलं. त्याचा आजार तिथे कुणाला ठाऊक नव्हता. दुखण्याची गोळी दिली, घरी पाठवलं." तिने पिशवीतून फोन काढून काकांसमोर धरला. "मी तुम्हाला सांगितलं होतं ना दादा, तो गेला म्हणून? तरी मेसेज येतो, मुलाची तपासणी राहिली आहे. आता हे सगळं लिहा. मी बसते इथे."