रेघेच्या टोकाची खूण

माझ्या मुलीच्या, चिनात्सूच्या मेंदूत तेराव्या वर्षी जर्म सेलची, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाची गाठ निघाली होती. उपचारांना वीस वर्षं झाली आणि आज नव्या एमआरआयचा निकाल होता. डॉक्टर इगाराशींनी आधी त्यांच्या रुग्णांचा आलेख पुढे सरकवला. किती जण किती वर्षं जगले, याची रेघ. ती जवळजवळ आडवीच होती, पण तिच्यावर टिकसारख्या बारीक खुणा होत्या.

मी छत्तीस वर्षं शाळेत पेपर तपासलेत. आम्ही जपानी मास्तर बरोबर उत्तराला गोल देतो आणि चुकलेल्याला टिक.

"डॉक्टर, एवढे चुकले?" मी विचारलं.

"नाही हो, सर! माणूस गेलं की रेघ खाली उतरते. टिक म्हणजे शेवटच्या तपासणीला तो रुग्ण जिवंत होता."

"आणि ही?" मी शेजारी बसलेल्या चिनात्सूकडे बोट केलं.

"टोकाची टिक तिचीच. आजचा एमआरआयही स्वच्छ आहे."

मी लाल पेन काढून त्या खुणेभोवती मोठा गोल केला.

"बाबा, कागद हॉस्पिटलचा आहे!" चिनात्सू म्हणाली. "आणि शाळेत असताना कधी दिलात हो मला असला गोल?"

"तेव्हा तुझी उत्तरं चुकायची."