पोस्ट संपलं काय

अंगठ्याएवढी काच. आत लाल उजेड, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

खोबरेल तेलाची वाटी, तळाशी मेलेली मुंगी.

पडवीचं दार. त्याला कुलूप लागतं हे घर बांधल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं.

सिद्धगडाचा माथा आज मोकळा आहे, म्हणजे रेंज येणार... असं काही नसतं, पण गाव तसं मानतं.

तुमी.

— कमळनं ठशाच्या यंत्राची काच पदरानं पुसली. पुसायची गरज नव्हती. संप मिटून पडवी उघडल्यापासून त्या काचेवर फारशी बोटं टेकलीच नव्हती. गावाचं पोस्ट म्हणजे तिच्याच घराची पडवी: एक टेबल, एक लोखंडी पेटी, भिंतीवर लाल पाटी, आणि मागच्या बाजूला तिचं स्वयंपाकघर. टपाल खात्यानं जागा तिची घेतली आणि वेळ चार तासांचा धरला. उरलेल्या वेळात ती कोण असते हे खात्यानं कधी विचारलं नाही, आणि गावानंही कधी वेगळं मानलं नाही — ती जेवत असो, सुकट निवडत असो, माणूस मागच्या दारानं यायचं आणि ती हात धुऊन पोस्ट व्हायची. संप त्याचसाठी तर होता. दिवसभराच्या कामाला दिवसभराचं काम म्हणा, एवढंच मागणं... मुरबाडला ताडपत्रीखाली संपावरचे सगळे बसले होते तेव्हा समोरच्या टपरीवरून एकजण ऐकू जाईल असा म्हणाला होता, "घरातल्या घरात पोस्ट, आनि वर संप! उद्या बायका चुलीचा पन संप करतील." टपरी हसली. ताडपत्रीखालचेही दोघं हसले. कमळ हसली होती का? आठवत नाही. हसली असावी; चहा त्याच टपरीवरून यायचा.

"काय गो, पोस्ट संपलं काय?"

शेजारची धोंडूबाई. संपाच्या पहिल्या दिवशी तिनं 'संप' हा शब्द ऐकला आणि तांदूळ संपतो, तेल संपतं तसं पोस्टही संपलं असं धरून चालली. तेव्हापासून पडवीसमोरून जाताना रोज विचारते.

"संपलं नाय, मावशे. संप होता. मिटला आता."

"मिटलं? मंग तेच ना गो. मिटलं म्हंजे संपलंच."

एरवी कमळनं हे सावळीला सांगितलं असतं आणि दोघी पोट धरून हसल्या असत्या.

सावळी... तिचं बोट उठायचं नाही. यंत्राला तिचा ठसा सापडायचाच नाही. भाताच्या लावणीत, मग वीटभट्टीवर, अंगठ्याच्या रेघा झिजून गेलेल्या. सरकारी पैसे खात्यात पडलेले आणि अंगठा म्हणतोय ही बाई सावळी नव्हेच. मग कमळ तिचा हात आपल्या हातात घ्यायची, वाटीतलं तेल चोळायची, पुसायची, वर ऊबदार श्वास सोडायची आणि काचेवर हळूच दाबून धरायची. नाही उठला की पुन्हा. ती पुन्हापुन्हाची वेळ त्या दोघींची असायची. तेवढ्यात सावळी घरातलं सगळं सांगून टाकायची — नवऱ्याचं, लेकीच्या सासरचं, काही बोलण्यासारखं, काही न बोलण्यासारखं — नजर मात्र काचेवर, जणू ती यंत्रालाच सांगतेय.

आणि मग संपातल्या त्या दिवशी मागच्या दारात. कमळ भाकरी थापत होती. सावळीनं डाव्या हातानं कडी वाजवलेली. उजवा अंगठा वर धरलेला, तेल लावून, पुसून, घरापासून कशालाही न टेकवता आणलेला, वाऱ्यातून दिवा आणावा तसा.

"माज्या कुणालीला शहापूरला नेलंय गो. कळा सुरू झाल्यात. माजं पैसं काढून दे, जायचंय."

"पडवी बंद हाय, सावळे."

"पडवीत कुटं आले? तुज्याकडं आले."

"मी संपावर हाय."

सावळी हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय. मग हसणं तसंच तोंडावर राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं.

यंत्र हात लांबवला तर मिळेल इतकं जवळ होतं. पण या मागच्या दारापायीच तर ताडपत्रीखाली बसायचं, आणि त्याच दारातून... मी आता यंत्र काढलं तर तो टपरीवरचा खरा ठरेल, घरातल्या घरात — हे सगळं कमळच्या मनात होतं. तिनं डाळीच्या डब्यातले स्वतःचे पैसे काढून पुढे केले.

"तुजं नको," सावळी म्हणाली. "माजं दे."

आणि जाता जाता, अंगठा लुगड्याला खसकन पुसत, "दार तुजं, कुलूप तुजं. सरकारला काय कळनार? कळलं ते आमाला."

मुरबाडच्या एका दुकानात तिचं काम झालं. तिथं बोट लागतच नाही. फोनसमोर तोंड धरायचं, डोळे मिटून उघडायचे. कुणालीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. हे कमळला धोंडूबाईकडून कळलं.

आज पिशवीत सावळीच्या नावाचं पार्सल होतं. उद्या देता आलं असतं. कमळ ऊन उतरायचीही वाट न बघता निघाली आणि रस्ताभर बोलणी जुळवत राहिली — ती भांडेल, भांडू दे, दारात उभी करेल, करू दे, शिव्याही घालेल, तोंड काही कमी नाही तिचं...

झोळीत कुणालीचं बाळ झोपलेलं. सावळी बाहेर आली आणि तिनं पदर सारखा केला.

"तुमी कशाला आलात? निरोप धाडायचा, पोरगा आला असता."

तुमी.

"जवळच तर हाय," कमळ म्हणाली. कुणाशी बोलतेय हे तिला नीट कळेना.

"बसा ना. पानी आनते."

"नको. मोबाइलवर पार्सलचा आकडा आला असंल बघ... बघा. तेवढा सांगा."

"बोट?"

"आता लागत नाय. पैसं काढायला आमच्याकडं पन तोंडच चालतं."

सावळीनं आकडा वाचला, एकेक करून, चुकू नये म्हणून. पार्सल घेताना हाताला हात लागला नाही. मग ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "मनात काय ठेवू नका. टीव्हीवर दाखवलं तुमच्या लोकांचं. तुमचं पन बरोबरच होतं."

ताडपत्रीखाली बसून कमळला एवढंच हवं होतं, गावातल्या एका तरी माणसानं हे म्हणावं. ते मिळालं. तिनं मान हलवली, निघते म्हणाली, आणि परतीच्या वाटेवर तिला त्या वाक्यातला नेमका कोणता शब्द टोचतोय ते शोधता येईना. बरोबर हा शब्द काढून बघितला, तरी टोचतच होतं.

घरापाशी आल्यावर पडवीतून आत जावं की मागून, हे पहिल्यांदाच ठरवावं लागलं. ती पडवीत आली, पण टेबलामागे गेली नाही. लोक बसतात त्या बाकावर बसली आणि तिथून आपलं पोस्ट कसं दिसतं ते बघत राहिली. लहान दिसत होतं. काचेतला उजेड तेवढा लाल...

संपाच्या आदल्या दिवशी सावळीचा अंगठा पहिल्याच खेपेला उठला होता, आणि कमळनं तिला काही न सांगता तिचा हात तसाच काचेवर धरून ठेवला होता.