ऐंशीच्या खाली

संगणकखोलीचं दार उघडलं की अजूनही शिवणयंत्राच्या तेलाचा वास येतो. फरशीवर यंत्रांच्या पायांचे गंजके डाग आहेत, त्यांच्यावरच आता संगणकांची टेबलं मांडलीत. यंत्रं गेली, बाई त्याच राहिल्या. एका लांब सुट्टीत संगणक शिकून आल्या आणि पडद्यावरच्या धड्यांतून इंग्रजी शिकवू लागल्या. मुली मात्र त्यांना शिवणबाईच म्हणतात.

त्या मंगळवारी पुढच्या रांगा हेडफोन लावून वाक्यं घोकत होत्या. शेवटच्या रांगेतल्या सहाजणी नेहमीसारख्या पेंगत होत्या. मुख्याध्यापकांनी त्या रांगेचं नावच 'विसावा' ठेवलं होतं. त्यात सात नंबरच्या संगणकावर बसणारी घुमी सगळ्यांत मठ्ठ समजली जाई.

"घुमे, जागी आहेस का गं?"

"डोळे उघडे आहेत, बाई."

"उघडे आहेत गं, पण आत कुणी दिसत नाही." शेजारची खुदकन हसली.

तास संपल्यावर बाईंनी आठवड्याच्या चाचणीतल्या घुमीच्या उत्तरांची नोंद उघडली. संगणक सगळं लक्षात ठेवतो, कोणतं उत्तर आधी दाबलं, कोणतं नंतर बदललं, तेही. घुमीने पन्नासच्या पन्नास उत्तरं आधी बरोबर दिली होती. मग एकोणतीस बदलून चुकवली होती. आदल्या आठवड्यातही एकोणतीसच.

बाईंनी तिला थांबवून घेतलं. "पोरी, इतकं मोजून चुकायला सगळं यावं लागतं."

घुमी कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, "चाळीस टक्क्यांच्या खाली गेलं तर शाळेतून नाव कमी होतं. ऐंशी मिळाले की प्रमाणपत्र. आत्याने परदेशातलं स्थळ आणलंय. त्यांना इंग्रजी बोलणारी हवीय. प्रमाणपत्र घरी गेलं की माझं लग्न."

"अगं, पंधराची आहेस तू."

"त्यांना एकोणीस सांगितलंय."

"आणि या बाकीच्या?"

"दोघींची ठरलीत. तिघींसाठी बघताहेत. आमच्यातली कुणीच ऐंशीवर जात नाही, बाई."

बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तीस वर्षांपूर्वी याच खिडकीत एक मुलगी टेबलक्लॉथवर फुलं भरायची. तेव्हा बघायला येणारी माणसं मुलीचं भरतकाम मागवून बघत. त्या मुलीचा हात फार सावकाश चाले. बाईंना तिची कीव आली आणि शेवटची दोन फुलं त्यांनी स्वतःच भरून दिली. भरतकाम पसंत पडलं आणि पुढच्या आठवड्यापासून ती शाळेत दिसली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता बाई तिच्या घरी गेल्याच नाहीत. वर्षभराने ती बाळंतपणात गेल्याचं कळलं.

आत्याला मात्र आता दम निघत नव्हता. "प्रमाणपत्राची वाट बघत बसलो तर स्थळ हातचं जाईल," असं म्हणून तिने शनिवारी शाळेच्याच संगणकावर मुलाकडच्यांशी बोलणं ठरवलं. मुख्याध्यापकांनी कौतुकाने परवानगी दिली. घुमीचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. इंग्रजी अक्षरं ते सुबक काढत, पण नमुना समोर ठेवून. काढलेलं वाचता येत नसे. आज ते धुतलेला सदरा घालून आले होते. नखांत निळा रंग तेवढा राहिला होता.

"तोंड उघड गं बाई आज," आत्या पुटपुटली. "नाहीतर म्हणतील, मुकी पदरात टाकली."

बाईंनी संगणक जोडून दिला आणि पडद्यावर मुलाची वहिनी आली. तिने इंग्रजीत नाव विचारलं, आवडी विचारल्या. घुमीने एकदा बाईंकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. कुठे अडखळली नाही. पाटी रंगवणारा तो माणूस लेकीच्या ओठांकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं जी अक्षरं त्याने नुसती रंगवली, ती आज घरचं माणूस बोलत होतं. वहिनीचा चेहरा मात्र पडत गेला. दोन शब्द बोलून तिने पडदा बंद केला.

"काय म्हणाली आमची पोर?" वडिलांनी अभिमानाने विचारलं. "पसंत पडली ना, बाई?"

घुमीची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट रुतली होती. बाईंना गोड काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती.

"ती म्हणाली, मी पंधरा वर्षांची आहे. तुम्हाला खोटं सांगितलंय. मला लग्न करायचं नाही, शिकायचंय. घरी हे बोलायची सोय नाही, म्हणून तुमच्याशी बोलते."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "घ्या, शिकवा अजून." वडील नखांतला रंग खरवडत राहिले. मग घुमीच्या दंडाला धरून चालते झाले.

सोमवारी सात नंबरची खुर्ची रिकामी होती. बाईंनी हजेरी अर्ध्यावर मिटली, पायांत चपला सरकवल्या आणि खोलीची किल्ली पुढच्या रांगेतल्या मुलीच्या हातात दिली. मुख्याध्यापक दारातच भेटले.

"बाई, तास सोडून कुठे निघालात?"

"तीस वर्षं उशीर झालाय, सर. आता अडवू नका."

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. बाईंनी वळून पाहिलं. शेवटच्या रांगेतल्या पाचहीजणी उठून उभ्या होत्या. एकीच्याही चेहऱ्यावर झोप नव्हती.