मुंजाबाचा बाळंतविडा

बिनआईच्या पोरीला कसलं माहेर अन् कसला बाळंतविडा, असं भावकीतल्या बाया बोलल्या होत्या. बोलेनात का! सुकेशनीला नववा लागला, तसा तिचा बाप मुंजाबा मेंढरं भावाच्या हवाली करून वैजापूरकडून थेट तिच्या शेंद्र्याच्या खोलीवर आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, काखोटीला हे भलं मोठं गाठोडं.

शेजारची गझाला लेकुरवाळी. तिनं गाठोडं तपासायलाच घेतलं. धुरीचा ओवा होता, बाळंतशोपा होत्या, अळीव होते. डिंकाचा लाडू तिनं मोडून तोंडात टाकला. डिंक पुरता फुललेला, कुठं कच्चा म्हणून नाही.

"किसने बनाए, चाचा?"

"म्याच की. बाया सांगत गेल्या, म्या वळत गेलो. व्यालेल्या मेंढीचं समदं करतो, मग लेकीचं जमत नाय व्हय?"

सगळ्यात खाली लंगोट अन् दुपटी निघाली. हातानं शिवलेली, पांढरी, सायीसारखी मऊ. सुकेशनीनं एक दुपटं गालाला लावलं. साबणाच्या आडून ओळखीचा वास आला. तिनं मान वर केली. घाम पुसायला आबानं टॉवेल काढला होता.

"आबा, पटका कुठाय तुमचा?"

"नवं कापड बाळाला टोचतं गं. माझ्या टकुऱ्याला उन्हाची लई सवय हाय."

पण पटक्याची कड जिथं बसायची, तिथून वर त्याचं कपाळ लेकराच्या तळपायासारखं कोवळं होतं. त्याला आजवर ऊन ठाऊकच नव्हतं.