उर्होचा उशिराचा खटका

"म्हाताऱ्या, फोटो काढतोयस की अंडी उबवतोयस?" राइमो कुजबुजला.

लपून बसायच्या लाकडी कोपीच्या भोकांतून तिघांचे कॅमेरे दलदलीकडे रोखलेले. समोर काळे रानकोंबडे शेपट्या पसरून बर्फावर झुंजत होते आणि उर्होचा कॅमेरा गप्प. कोंबडे उडाले, तेव्हा कुठे त्याने खटका दाबला.

"वा! बर्फाचा फोटो!" एस्को खिदळला. "नाहीतर बर्फही पळून गेलं असतं हो!"

उर्होही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मी मागे कॉफीचा थर्मास धरून बसले होते. मला काही चैन पडेना.

रशियाच्या सीमेलगतची ही दलदल माझी, कोपीही माझीच. बावीस वर्षं दर एप्रिलला हे तिघे येतात, एकमेकांना शिव्या घालतात आणि माझं वाटाण्याचं सूप ओरपतात. उर्होचा फोटो असा कधी हुकला नव्हता.

घरी परतल्यावर दोघे बाहेर जाताच मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"डोळे गेले का रे?"

त्याने राईचा पाव खाली ठेवला. "मधोमध नुसता धूर दिसतो, मालकीणबाई. पोस्टाची गाडी चालवणंही सोडलं. दोन वर्षं ह्यांचे खटके ऐकून दाबत होतो. यंदा दोघांनी बिनआवाजाचे कॅमेरे आणलेत."

"मग सांग की त्यांना!"

"सांगितलं तर सांभाळून नेतील. शिव्या घालणार नाहीत." त्याने पाव पुन्हा उचलला. "मग मी कशाला येऊ?"

संध्याकाळी मी दोघांना बजावलं, "उद्यापासून माझ्या कोपीत मुके कॅमेरे चालणार नाहीत. आवाज चालू करायचा."

"अहो, पाखरं बुजतील!" राइमो म्हणाला.

"इतकी वर्षं नाही बुजली ती."

राइमोने खिडकीबाहेर पाहिलं. उर्हो एका हाताने कुंपण चाचपत सरपण आणत होता. मग राइमोने खिशातून कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक काढलं. एस्को काही विचारणार होता, त्याला राइमोने कोपराने ढोसलं.

पहाटे कोंबडे उतरले. खट. खट. मागोमाग उर्होचा खटका.

"ए आडदांडा, माझी जागा खातोस! सरक!" राइमो खेकसला आणि त्याने उर्होच्या कॅमेऱ्याचं तोंड बोटभर डावीकडे ढकललं.

"तूच सरक, ढेरपोट्या," उर्हो म्हणाला आणि खटका दाबला.

कोंबडा बरोबर तिथेच होता.